घरच्या सामानात दहा शेळ्यांचा गोठा: जोतं, छप्पर, गव्हाण

बालाघाटी

नमस्कार मंडळी. गाव भूम तालुक्यात, जिल्हा धाराशिव. आतापर्यंत घरी दोन-चार शेळ्या असायच्या. दिवसा परसात चिंचेखाली, रात्री पडवीत. आता आईच्या देखरेखीखाली दहा उस्मानाबादी शेळ्या आणि एक बोकड करायचं ठरवलंय. दिवसा चार-पाच तास माळावर चरायला, बाकी वेळ घरी. पडवीत एवढी जनावरं मावणार नाहीत, म्हणून घराच्या मागे गोठा बांधायचा आहे.

घरचं सामान असं: वाड्याच्या पडक्या भागातले सागवानी वासे, बांधावरची बाभळ, तुराट्या, थोडे जुने पत्रे आणि हवा तेवढा दगड. मुरूम माळावर आहे. विकत घ्यायचं ते जाळी, कमी पडणारे पत्रे आणि बोल्ट. मजूर न लावता मी आणि चुलतभाऊ बांधणार आहोत.

विचारायचं हे की जागा किती धरू, तोंड कुठल्या दिशेला ठेवू आणि खाली काय घालू? एक जण सांगतो कोबा (सिमेंटची जमीन) कर, दुसरा सांगतो मातीच बरी. ज्यांनी हाताने बांधलंय त्यांनी सविस्तर लिहा.

माणदेशी

दादा, आधी जागा. पावसाळ्यात जिथे पाणी साचतं ती जागा फुकट मिळाली तरी सोडा. घराच्या हाकेच्या अंतरावर, थोड्या उंचवट्यावर, आणि दुपारी शेजारच्या झाडाची सावली मिळत असेल तर फारच उत्तम.

मोठ्या शेळीला छपराखाली 10 ते 12 चौरस फूट धरा. बोकडाचा कप्पा वेगळा, त्याला 20 ते 25. करडांना 3 ते 5. तुमच्या हिशोबाने दहा शेळ्यांचे 120, बोकडाचे 25, आणि करडांच्या कोपऱ्याला 35, म्हणजे 180 चौरस फूट झाले. 18 फूट लांब, 10 फूट रुंद. पुढे मोकळं वाडगं याच्या दुप्पट हवं, म्हणजे 18 बाय 20. पैसा कमी पडला तर छपराचं काम थोडं लांबवा, पण वाडगं कापू नका. शेळी उभ्या-उभ्या कंटाळणारं जनावर आहे, तिला फिरायला आणि उड्या मारायला जागा लागते.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मग फक्त दोन अरुंद बाजूंवर येतं. छप्पर एकपाखी करा आणि उंच बाजू दक्षिणेला घ्या: दक्षिणेला 9 फूट, उत्तरेला 7 फूट. तुमच्या भागात मेच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिण बाजू उघडी असली तरी दुपारचं ऊन आत शिरत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, तेव्हा तेच ऊन पाच-सहा फूट आत येतं आणि जमीन वाळवून जातं. हिवाळ्यात शेळ्या त्या उन्हाच्या पट्ट्यात येऊन बसतात.

पावसाचा झोडपा मात्र पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिमेची अरुंद बाजू तुराट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) कूड, म्हणजे काटक्यांची भिंत, घालून शेणमातीने लिंपून वरपर्यंत बंद करा. दक्षिणेला आणि उत्तरेला तीन फुटांपर्यंत कूड, त्यावर जाळी. जाळीवर खतांच्या रिकाम्या पोत्यांचे पडदे शिवून गुंडाळता येतील असे टांगा. पावसात आणि थंडीत खाली सोडायचे, एरवी वर.

10 फूट रुंदीला 14 फुटी पत्रा घ्या, म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ दोन-दोन फूट वळचण मिळते. वळचणीत काटकसर केली की पागोळ्या आत उडतात आणि कूड खालून कुजतो.

पुणेकर_शेतकरी

मी कोबा केलेल्या बाजूचा. झाडायला सोपं, पाण्याने धुता येतं, गोचीड आणि पिसवांना लपायला भेगा नाहीत. माती दरवर्षी काढा-घाला करण्यापेक्षा एकदाच खर्च केलेला परवडतो. उतार दिला की मूत वाहून जातं.

माणदेशी

धुवायला पाणी आहे का ते आधी विचारा, साहेब. आमच्याकडे आणि यांच्याकडे मार्चनंतर पिण्याचं पाणी टँकरवर येतं.

पशुधन_सेवक

मी पशुवैद्यक आहे, म्हणून जमिनीबद्दल थोडं लांबून सांगतो. लहान करडं दगावण्याची जी कारणं मी वर्षानुवर्षे बघतोय, त्यांत ओली जमीन आणि कोंदट हवा यांचा वाटा फार मोठा आहे. शेळी थंडी सोसते, ऊन बऱ्यापैकी सोसते, ओल अजिबात सोसत नाही. मूत आणि लेंड्या साचल्या की अमोनिया तयार होतो, तो डोळ्यांना आणि श्वासनलिकेला चुरचुरतो, आतलं अस्तर दुखावतं आणि मग फुफ्फुसदाह धरायला वेळ लागत नाही. ओल्या जमिनीत रक्ती हगवणीचे जंतूही टिकून राहतात, आणि तीन आठवड्यांपासून चार-पाच महिन्यांपर्यंतची करडं त्याला सहज बळी पडतात. मोठ्यांचे खूर मऊ पडून सडतात.

गोठा बरोबर आहे का, हे बघायची माझी पद्धत अशी: पहाटे, दार उघडण्याआधी आत जायचं आणि गुडघ्यावर बसून शेळीच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्यायचा. डोळे चुरचुरले किंवा नाकात झणझणलं, तर करडं रात्रभर तेच हुंगत आहेत. उभं राहून हा वास कळत नाही, म्हणून मालक सांगतो की आमच्याकडे वास नाही.

कोबा की मुरूम, याचं माझं उत्तर: शेळ्या जिथे बसतात तिथे मुरूम. कोबा मूत शोषत नाही, उतार असला तरी पातळ थर राहतो, हिवाळ्यात गार पडतो आणि गाभण शेळी घसरून पडण्याची भीती असते. पुणेकर म्हणतात तसा तो धुता येतो हे खरं, पण धुतलेला कोबा वाळेपर्यंत शेळ्या बाहेर ठेवता येत असतील तरच त्याचा उपयोग. पाण्याच्या टाकीभोवती आणि बाहेरच्या नालीला मात्र कोबा करा, तिथे मुरमाचा चिखल होतो.

जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट उंच घ्या. तळाला सहा इंच दगडगोटे, त्यावर सहा ते नऊ इंच मुरूम. मुरूम दोन थरांत, पाणी मारून धुम्मसाने (जमीन ठोकायच्या जड ठोकळ्याने) चोपायचा. दहा फुटांत तीन इंच उतार पुरेसा आहे. रोज झाडायचं, आठवड्यातून एकदा चुन्याची भुकटी भुरभुरायची, आणि दरवर्षी मेमध्ये वरचा तीन-चार इंच थर खरवडून शेतात टाकून नवा मुरूम भरायचा. तो काढलेला थर लेंड्या-मूत मुरलेला असतो, खत म्हणून उत्तम.

तळकोकणी

आमच्याकडे सिंधुदुर्गात मुरूम-चुन्याने भागत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस असा लागतो की हवेतच ओल असते, कितीही चोपलेली जमीन वाळत नाही. म्हणून कोकण कन्याळ जातीच्या शेळ्या पाळणारे बरेच जण माचा (उंच लाकडी मचाण) करतात. चिऱ्याचे खांब, त्यावर लाकडी सांगाडा, आणि त्यावर पट्ट्या. लेंड्या-मूत खाली पडतं, शेळी कोरडी राहते.

पट्टी दोन इंच रुंद, दोन पट्ट्यांत अर्धा इंच फट. फट कमी झाली तर लेंडी अडकते, जास्त झाली तर पाय अडकतो आणि मोडतो. माच्याची उंची साडेतीन-चार फूट तरी ठेवा, नाहीतर खालून खत ओढायला माणूस शिरत नाही, आणि मग ते ओढलंच जात नाही. मी किंजळ आणि ऐन वापरला आहे. पोफळीच्या चिपा स्वस्त पडतात, पण पावसाळ्यात बुळबुळीत होतात आणि लवकर बदलाव्या लागतात. चढायला उतरती फळी, तिच्यावर दर सहा-आठ इंचांवर आडवी पट्टी ठोकलेली. खालचं खत आठवड्याला काढा. वर कोरडं दिसतं म्हणून खाली साचू दिलं तर अमोनिया फटींतून वर येतोच.

महिन्याच्या आतल्या करडांना माच्यावर मोकळं सोडू नका. त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात फळ्या जवळजवळ ठोकून वर गोणपाट टाका.

बालाघाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, जमिनीचा प्रश्न सुटला. तळकोकणीदादा, आमच्याकडे कोकणाच्या मानाने पाऊस फारच थोडा, शिवाय लाकूड विकत घ्यावं लागेल. तरी माच्याचा काही फायदा आहे का?

तळकोकणी

तुमच्या भागात सगळ्या गोठ्याला माचा केलात तर लाकडाचे पैसे वाया. एखादी चौथरी फूट-दीड फूट उंच करून ठेवा, शेळ्यांना उंचावर बसायला आवडतं आणि पावसाळी दिवसांत तिथे गर्दी करतात. तेवढं बस झालं.

पऱ्हाटी

यवतमाळकडून लिहितोय भाऊ. इथे मेमध्ये पारा 45 पर्यंत जातो, तेव्हा पत्र्याबद्दल सांगायलाच हवं. नुसता पत्रा सात फुटांवर असला की दुपारी खाली तोंड उघडून धापा टाकणारी शेळी दिसते, चारा टाकला तरी तोंड लावत नाही. उपाय साधे आहेत. मार्चमध्ये पत्र्यावर चुन्याचा जाड हात द्यायचा. त्यावर तुराट्यांचा किंवा पाचटाचा अर्धा फूट थर, वरून जुनी जाळी ताणून बांधायची. दोन्ही मिळून आतल्या तापेत जाणवण्याइतका फरक पडतो. पाऊस लागण्याआधी हा थर खाली उतरवायचाच, नाहीतर भिजून पत्रा गंजतो आणि आत साप-विंचू घर करतात.

आग हा विषय हलक्यात घेऊ नका. आमच्याकडे पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या काड्यांचे) ढीग गोठ्याला टेकवून ठेवायची सवय आहे. चाऱ्याची गंजी आणि जळण गोठ्यापासून निदान 30-40 फूट लांब. आत वायर ओढायची तर पाइपातूनच ओढा, शेळी लोंबणारी वायर चावते.

आता वारा. एप्रिल-मेच्या वळवाच्या वादळात पत्रे उडतात ते मोठ्या वजनाअभावी नव्हे, तर खिळ्यांमुळे. खिळा वाऱ्याने हळूहळू सैल होतो. जे-हूक बोल्ट, खाली डांबरी वॉशर, आणि वळचणीच्या कडेला एक पन्हळ सोडून एक बोल्ट. कडेचा एक पत्रा उचलला गेला की बाकीचे त्याच्या मागे जातात. वासा खांबाला नुसता टेकवून ठोकू नका, लोखंडी पट्टीने गुंडाळून बांधा.

तळकोकणी

पऱ्हाटीभाऊंच्या या शेवटच्या ओळीखाली माझी सही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात आणि दापोली-मंडणगडकडे घरांची, गोठ्यांची छपरं गेली. पाहुण्यांकडे आवरायला गेलो होतो. पत्र्याला बोल्ट मजबूत, पण वासा खांबावरून सुटलेला, असं कितीतरी ठिकाणी दिसलं. छप्पर अख्खंच्या अख्खं उचललं गेलं होतं.

ऊसपट्टा_जुन्नर

बिबट्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. तुमच्याकडे लांडगा आणि मोकाट कुत्री जास्त असतील, पण वाचणाऱ्यांत आमच्याकडचेही असतील म्हणून सांगतो.

सहा-सात फुटांची जाळी बिबट्या सहज ओलांडतो. वाडग्याला उंच कुंपण केलं म्हणून शेळ्या रात्री मोकळ्यात ठेवल्या, असं करूच नका. सूर्य मावळायच्या आत सगळ्या छपराखाली, आणि तो भाग चारही बाजूंनी आणि वरूनही बंद. भिंतीचा माथा आणि पत्रा यांच्यामध्ये हवेसाठी जी फट ठेवतो, तिलाही जाळी हवी. तिथूनच तो शिरतो. कोंबड्यांची पातळ जाळी चालत नाही, वेल्डमेश (जाड तारेची वेल्डिंग केलेली जाळी) लावा. आतल्या शेळ्या जाळीला चिकटून बांधू नका, तो पंजा आत घालून ओढतो. दाराला बाहेरून अडसर आणि कडी दोन्ही. ऊस गोठ्याच्या भिंतीपर्यंत लावू नका, मध्ये मोकळा पट्टा सोडा.

कुत्री आणि लांडगे यांच्यासाठी मात्र खालचा भाग महत्त्वाचा, कारण ते जाळीखालून उकरतात. जाळी फूटभर जमिनीत पुरा, किंवा बाहेरच्या बाजूने दगडांची रांग घाला. दुर्दैवाने बिबट्याने किंवा लांडग्याने शेळी मारलीच तर मेलेलं जनावर हलवू नका, लगेच वन विभागाला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

शिवारफेरी

एवढं बांधताय तर पंचायतीत विचारलंत का? 2021 च्या फेब्रुवारीत शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेचा शासन निर्णय निघाला, त्यात मनरेगातून दहा शेळ्यांच्या शेडला 49,284 रुपये धरले होते. आराखडा 3.75 मीटर बाय 2 मीटर, म्हणजे साडेसात चौरस मीटर. सध्या काय चालू आहे ते ग्रामसेवकांना किंवा रोजगार सेवकांना विचारा. तेव्हा जॉबकार्ड लागायचं, आणि मंजुरी कामाच्या आधी घ्यावी लागायची. गोठा उभा करून मग अर्ज केला तर उपयोग होत नसे.

माणदेशी

साडेसात चौरस मीटर म्हणजे 80 चौरस फूट. दहा शेळ्यांना शेळीमागे आठच फूट. दिवसभर चरायला जाणाऱ्या शेळ्या रात्रीपुरत्या बसतील, पण व्यायल्यावर करडांना जागा उरत नाही. मंजुरी मिळाली तर तेवढा भाग पक्का करा आणि त्याला लागून घरच्या सामानाचं छप्पर वाढवा.

शेळीवाली_ताई

भाऊ, तुम्ही बांधणार, पण रोजचं झाडणं-पाजणं तुमच्या आई करणार ना? मग त्यांना आत उभं करून उंची ठरवा. दार साडेतीन फूट रुंद हवं, म्हणजे डोक्यावर भारा घेऊन बाई सरळ आत जाते आणि शेळ्या बाहेर पडताना पोट घासत नाहीत. गाभणीला दारात झालेली चेंगराचेंगरी महागात पडते. उत्तरेची बाजू सात फुटांपेक्षा खाली आणू नका, वाकून झाडणाऱ्या बाईची कंबर जाते.

गव्हाण दगड-सिमेंटची करू नका. 200 लिटरचा प्लास्टिकचा पिंप उभा चिरा, दोन नावा मिळतात, प्रत्येक सुमारे तीन फुटांची. पिंप आधी कशाचा होता ते नक्की विचारा, औषधांचा किंवा रसायनांचा अजिबात घेऊ नका. दोन्ही नावा एका रांगेत, मधोमध, बाभळीच्या घोड्यावर बसवा. शेळ्या दोन्ही अंगांनी खातात. शेळीमागे सव्वा फूट जागा लागते, म्हणजे एका पिंपात दहा जणी कशाबशा बसतात. तुमच्यात शिंगवाल्या असतील तर त्या दुबळ्यांना हाकलतात, म्हणून दीड पिंप धरा. काठ जमिनीपासून दोन फुटांवर आणि वर एक आडवा वासा, म्हणजे आत उडी मारून लेंड्या टाकत नाहीत. लेंडी पडलेला चारा शेळी पुन्हा तोंडात घेत नाही. पाला मात्र गव्हाणीत टाकूच नका. सुबाभूळ, हादगा, शेवरी, काय असेल त्याच्या पेंड्या वरच्या वाशाला टांगा. मान वर करून ओरबाडायची तिची रीत आहे, सांडतही कमी.

पाणी आत नको. वाडग्यात सावलीला अर्धा पिंप, पंधरा दिवसांनी घासून आतून चुना लावायचा.

करडांचा कोपरा पूर्वेकडच्या टोकाला घ्या, सकाळचं कोवळं ऊन तिथे पहिलं येतं. मधल्या कुडात पाच-सहा इंचांची फट ठेवा, म्हणजे करडं आपल्या खुराकाकडे जातात आणि मोठ्यांना शिरता येत नाही. खाली वाळलेलं गवत किंवा गोणपाट, रोज उन्हात टाकून वाळवायचं. थंडीत डालग्याखाली (मोठ्या पाटीखाली) दोन-तीन करडं एकत्र झाकली की एकमेकांच्या उबेत राहतात, पण डालगं वरून पोत्याने पूर्ण झाकू नका, श्वास कोंडतो.

विणीच्या दिवसांत एक जागा अशी हवी जिथे व्यायला आलेली शेळी एकटी राहील. शेळीचे दिवस पाच महिन्यांचे, तारीख भिंतीवर लिहून ठेवली की कळतं. बोकडाच्या कप्प्याजवळ ही जागा नको.

पुणेकर_शेतकरी

ताई, पिंपाची गव्हाण मी उद्याच करतो. आमची सिमेंटची गव्हाण कोपऱ्यांत कुजका चारा धरून ठेवते.

बालाघाटी

सगळं लिहून काढलं आणि आईला वाचून दाखवलं. तिने दाराची रुंदी लगेच पायाने मोजली. ठरलं ते असं:

18 बाय 10, लांबी पूर्व-पश्चिम, उंच बाजू दक्षिणेला. दोन्ही लांब बाजूंना सहा-सहा फुटांवर चार-चार खांब बाभळीचे. घराच्या मागे वीतभर काळी माती आणि खाली मुरूम लागतो, म्हणून खड्डा मुरमात दोन फूट नेणार. जमिनीत जाणारा भाग वरवर भाजून डांबर फासणार. वासे वाड्यातले. नवे पत्रे 14 फुटी सात, जुने पत्रे बोकडाच्या कप्प्याला आडोसा म्हणून. पश्चिमेचा कूड पूर्ण, बाकी तीन फूट आणि वर वेल्डमेश. पंचायतीत सोमवारी जाणार, मंजुरीची शक्यता दिसली तर खांब रोवायचं थांबवू.

एक शंका राहिली. पाच शेळ्या गावातल्याच पाहुण्यांच्या आहेत, पाच बाजारातून आणायच्या. सगळ्या एकदमच नव्या गोठ्यात सोडल्या तर चालेल का?

पशुधन_सेवक

नाही. बाजारातल्या पाच शेळ्या तीन आठवडे वेगळ्या ठेवा, जुन्या चिंचेखालची जागा त्यासाठी योग्य आहे. त्यांचं पाणी, गव्हाण, झाडू सगळं वेगळं. आधी घरच्यांचं चारा-पाणी उरकायचं, मग नव्यांकडे जायचं, उलट नाही. या काळात लेंड्या तपासून जंताचं औषध आणि गोचिडांवरचा उपाय करून घ्या. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या आजाराची) लस झालेली नसेल तर दवाखान्यात नोंद करा, एकदा टोचली की तीन वर्षे संरक्षण मिळतं. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या आजाराची) लस पावसाच्या आधी हवी, कोवळं गवत उगवल्यावर तो आजार उठतो.

नवा गोठा तयार झाला की मुरूम वाळायला आठ-दहा दिवस द्या. खांबांना आणि कुडाला चुना मारा, कोपऱ्यांत निंबाचा धूर करा, पण शेळ्या आत नसताना. भाजलेल्या खांबांवरचं डांबर पूर्ण सुकल्याशिवाय कुणालाही आत सोडू नका, शेळ्या नवं लाकूड आधी चाटून बघतात.